दुसरा भाग

जेल रोडच्या तळघरात, नीमाशेठच्या दुकानात,
पहिल्या मशीनचं स्टिअरिंग उजवीकडे ओढायचं.
जरासंच. घड्याळातल्या एका मिनिटाइतकं.
कुणी ते दुरुस्त केलं नाही,
आणि आम्हाला वाटायचं गाड्या अशाच असतात:
सरळ जायचं तर हात थोडा डावीकडे धरायचा.

तसंही त्या शर्यतीत डावीकडेच वळायचं असे.
अंड्याच्या आकाराचा एकच ट्रॅक, आठ फेऱ्या,
चाळीस स्टॉक कार,
शोरूममधल्यासारख्या दिसणाऱ्या, आतून पिसाळलेल्या,
दारांवर ढोबळ आकडे,
आणि स्टँडमध्ये तीच ती गर्दी पुन्हा पुन्हा छापलेली.
पिवळ्या टोपीचा माणूस
मी एका फेरीत एकोणीस वेळा मोजला.
हेरंब म्हणाला, मोजत बसतेस म्हणून हरतेस.

खरंच होतं ते.
तो सीट एकवर, मी सीट दोनवर,
मधे प्लायवूडची फळी, फळीवर गराडूचा द्रोण.
मसाल्याचे हात तो पँटला पुसायचा, मी दप्तराला.
शेवटच्या वळणावर तो गाडी भिंतीला घासत न्यायचा,
ठिणग्या, ठिणग्या,
ब्रेकवरचं रबर अजून कोरं करकरीत.
पहिल्या दहांत सात वेळा तोच. तीन अक्षरं: एच, आर, बी.
मी एकदा, नवव्या नंबरावर.
रात्री शेठ मेन स्विच पाडायचा
आणि मशीन आम्हा सगळ्यांना विसरायचं.
सकाळी वरपासून खालपर्यंत ए ए ए, ए ए ए.
आठ रुपयांत
रोज नव्यानं नाव कमवायचं.

दुसरा भाग दिवाळीनंतर आला, लोडिंग रिक्षातून.
जिन्यात अडकला. शेठनं दाराची चौकट तासून घेतली.
काच केवढी! पाऊस पडायचा, रात्र व्हायची,
गर्दीतला प्रत्येक माणूस वेगळा, हात हलवणारा.
(पिवळी टोपी शोधली. नव्हती.)
आणि अंड्याशिवाय आणखी एक रस्ता,
डोंगरातून जाणारा, त्यात उजवी वळणं.

हेरंब पहिल्याच सरळ रस्त्यावर भिंतीत गेला.
दुसऱ्या टोकनला पुन्हा. तिसऱ्याला
त्यानं स्टिअरिंगवर थापट मारली:
भिया, ये तो टेढ़ा है.
शेठ सुट्टे मोजत होता. मान वर न करता म्हणाला,
बेटा, पहली बार सीधा आया है.

मी तोवर वळणं मोजली होती. डावी पाच, उजवी तीन.
पावसात सातव्या वळणाआधी ब्रेक,
मग काही करायचं नाही, फक्त श्वास धरायचा.
पहिली आले.
काचेनं नाव विचारलं आणि माझा हात थरथरला,
यू, एल, के,
उल्कातलं शेवटचं अक्षर मावलंच नाही.

हेरंबनं द्रोण उचलला, म्हणाला, उद्या बघतो तुला.

पण नव्या मशीनमध्ये बॅटरी होती.
सकाळी यू एल के.
परवा यू एल के. पुढच्या गुरुवारी सगळ्यात वर, तसंच.
नवं मशीन विसरत नव्हतं.
हेरंब आला नाही.
जुनं मशीन कुठे गेलं, एवढं मात्र त्यानं
शेठला फोन करून विचारलं म्हणे.
देवासच्या एका मेळावाल्यानं नेलं होतं.

आता तो विमा कंपनीत सर्व्हेअर आहे.
पोचे बघतो, फोटो काढतो, फॉर्मवर लिहितो:
डावी बाजू घासलेली.
परवा बायपासवरून मला घरी सोडलं त्यानं.
चाळीसच्या वर काटा गेला नाही,
प्रत्येक गतिरोधकाला आधीपासून ब्रेक.
मशीनचा विषय दोघांनीही काढला नाही.
फक्त तेजाजी नगरपाशी, रस्ता अगदी सरळ असताना,
त्याचा हात किंचित डावीकडे गेला,
घड्याळातल्या एका मिनिटाइतका,
आणि गाडी पांढऱ्या पट्टीला चाटून परत आली.

मी बाहेर बघत
विजेचे खांब मोजत बसले.